फिरायला की फिरतीवर

वाढदिवसाच्या सकाळी भिंगरीने उठल्या उठल्या सॅक भरली. मग भरलेली सॅक पुन्हा उपसली, कारण दात घासायचा ब्रश तळाशी गेला होता. ब्रश मिळाला, दात घासून झाले आणि पुन्हा सॅक भरायला घेतली तेव्हा खालच्या पलंगावरचे काका उशीत तोंड खुपसून म्हणाले, "पोरी, गाडी संध्याकाळची आहे ना तुझी?"

गाडी संध्याकाळचीच होती. पण ते भिंगरीला कोण समजावणार? लहानपणी चार घास खाऊन होईपर्यंत ती ताटाभोवती दोन फेऱ्या मारून यायची, म्हणून बाबांनी तिचं हे नाव ठेवलं होतं. आज तिला बत्तीस पूर्ण झाली. या वयात माणसाचं टोपणनाव तरी सुटावं नाहीतर सवय तरी. हिची दोन्ही शाबूत होती.

ती उतरली होती ते हॉस्टेल एका अरुंद गल्लीत होतं. खाली सायकली, वर तीन खोल्या, खोल्यांमधून दोन मजली लोखंडी पलंग. वरच्याने कूस बदलली की खालच्याला भूकंप. खिडकीतून समोरच्या धोब्याच्या दुकानातली वाफ थेट आत यायची, त्यामुळे खोलीतल्या सगळ्यांच्या अंगाला फुकटात इस्त्रीचा वास. जागा वाईट नव्हती. पण कुठल्याही जागी दोन रात्री काढल्या की भिंगरीचा पाय आपोआप हलायला लागायचा. घर सोडून चार महिने झाले होते आणि या चार महिन्यांत तिने किती गावं मागे टाकली ते तिचं तिलाच आठवत नव्हतं. घरी नोकरीत होती तेव्हा तिला वाटायचं, एकदा का सुटले की जीव शांत होईल. सुटली, पण जीव काही शांत झाला नाही. तो आपला पुढच्या गाडीची वाट बघत राहिला.

खरी अडचण वेगळीच होती. आपली मुलगी पाठीवर सॅक टाकून भटकतेय, हे तिच्या घरी कुणाला माहीतच नव्हतं.

हे कसं झालं ते सांगायला हवं. बाबा वजनमाप खात्यात निरीक्षक होते. दुकानदारांचे तराजू तपासायचे, लिटरची मापं तपासायची, शिक्का मारायचा आणि पुढच्या गावाला जायचं. उभी नोकरी त्यांनी फिरतीवर काढली. त्यामुळे त्यांच्या लेखी माणूस घराबाहेर दोनच कारणांनी पडतो, एक फिरती आणि दुसरं दवाखाना. तिसरं कारण असू शकतं, ही शंका त्यांच्या मनाला कधी शिवली नव्हती.

भिंगरी विमा कंपनीत होती, दाव्यांच्या विभागात. लोकांना 'आपला दावा मंजूर करता येत नाही' असं सभ्य भाषेत कळवायचं, हे तिचं काम. एक दिवस तिला त्या सभ्य भाषेचा इतका वीट आला की तिने राजीनामा दिला. रात्री जेवताना तिने मनाचा हिय्या करून सांगितलं, "बाबा, मी जरा बाहेरच्या देशात फिरायला जातेय. चार-सहा महिने."

टीव्हीवर बातम्या ठणाणा चालू होत्या. बाबांनी आवाज कमी न करता मान वर केली. "फिरतीवर? बाहेरच्या देशात?"

आणि त्यांचा चेहरा असा काही उजळला, की भिंगरीच्या तोंडात आलेलं 'नाही' तिथेच अडकलं. ती ते गिळावं की ओकावं या विचारात असेपर्यंत बाबा हात धुऊन शेजारच्यांचं दार वाजवायला गेलेसुद्धा. "आमची पोरगी परदेशी फिरतीवर निघाली!" जिन्यातून आवाज आला.

चूक सुधारायला दुसरा दिवस होता, तिसराही होता. पण दुसऱ्या दिवशी बाबांनी स्वतःची जुनी फिरतीची बॅग माळ्यावरून काढून तिला कपडे कसे गुंडाळायचे ते शिकवलं. तिसऱ्या दिवशी आईने मावशीला कळवलं. पुढे भिंगरीने सांगायचं सोडूनच दिलं आणि फोनवर 'हो, काम आहे', 'हो, साहेब बरे आहेत' असं ठोकून द्यायला लागली.

ही थाप तिच्या एकटीच्या अंगाशी आली असती तर तिला फिकीर नव्हती. पण मध्ये धाकटा होता.

धाकटा म्हणजे तिचा भाऊ, तिच्याहून सात वर्षांनी लहान. बाबांच्या समाधानासाठी त्याने पदवी घेतली, ती बाबांच्या हातात दिली आणि स्वतः शिवणयंत्रं दुरुस्त करणाऱ्या उस्तादांच्या दुकानात जाऊन बसला. आईचं मशीन त्याने आठव्या वर्षी पूर्ण खोललं होतं आणि नवव्या वर्षी पुन्हा जोडलं होतं. अडलेलं मशीन त्याच्या हाताखाली एकदाचं धावायला लागलं, की तो पोर झाल्यासारखा खूष व्हायचा. बाबांना ते बघवत नसे. "पदवीधर माणूस आणि नखांत तेल!" भिंगरी फिरतीवर गेल्यापासून तर बाबांच्या हातात आयती काठी आली होती. ताईकडे बघ. ताईने नाव काढलं. ताई कुठे पोचली आणि तू कुठे बसलास. सकाळ-संध्याकाळ हाच पाढा. धाकटा हसण्यावारी न्यायचा. पण अलीकडे त्याचं हसणं जरा उशिरा येतंय, हे भिंगरीला फोनवरही जाणवलं होतं. आपल्या थापेचं ओझं तो वाहतोय, एक दिवस तो त्याखाली मोडेल आणि दुकान सोडेल, हे तिला कळत होतं. कळत होतं आणि तरी ती दरवेळी पुढची गाडी पकडत होती.

तिसऱ्यांदा सॅक भरून होत होती तेव्हा फोन वाजला. बाबांनी आवाजी निरोप पाठवला होता. बाबा निरोप पाठवतानाही अर्ज वाचल्यासारखे बोलत.

"चिरंजीव भिंगरीस वाढदिवसाच्या शुभेच्छा. आज दुपारी व्हिडिओ लावायचा. ऑफिसातून लावायचा. साहेबांशी बोलायचं आहे. नेटवर्क नाही हे कारण मागच्या खेपेला झालेलं आहे, तेव्हा आता दुसरं शोधत बसू नकोस. मी इस्त्रीचा शर्ट घालून बसलो आहे."

शर्ट घालून बसलेत, एवढं वाक्य भिंगरीने दोनदा ऐकलं. पहिला विचार अर्थातच पळायचा. संध्याकाळच्या ऐवजी आत्ताचीच गाडी पकडावी. पण तो शर्ट काही डोळ्यांपुढून हलेना. शेवटी ती खाली गेली. मालकीणबाई कमरेला किल्ल्या खोचून चादरींच्या घड्या घालत होत्या.

"तुमची मागची खोली मिळेल का? अर्धा तास. मला ऑफिस हवंय."

मालकीणबाईंनी पापणीही हलवली नाही. उतारूंनी त्यांच्याकडे आजवर याहून चमत्कारिक गोष्टी मागितल्या असणार. "टेबल आहे. प्रिंटर बंद पडलेला आहे," त्या म्हणाल्या. "आणि ऑफिसात काय लागतं?"

"साहेब लागतो."

साहेब म्हणून काकांची निवड झाली. दुसरं कोणी नव्हतंच म्हणा. पण काकांना पांढरी शुभ्र दाढी होती, पोट होतं आणि कॉलरचा एक शर्ट होता. जन्मभर त्यांनी लांब पल्ल्याची बस चालवली होती. "लोकांना आणून सोडलं आणि तसाच गाडी वळवून परत गेलो," असं ते सांगत. "उतरलेली माणसं पुढे कुठे जायची, ते बघायला निघालोय." त्यांची भाषा भिंगरीला येत नव्हती आणि भिंगरीची त्यांना. दोघं तिसऱ्याच एका भाषेची मोडतोड करून बोलत आणि तेवढ्यात दोघांचं भागत असे.

"साहेब व्हायला काय करावं लागतं?" काकांनी विचारलं.

"कमी बोलायचं. हसायचं. मी विचारीन त्याचं उत्तर द्यायचं."

"मग मी जन्मजात साहेब आहे."

मागच्या खोलीत फळीवर उतारूंनी विसरलेल्या वस्तू होत्या. एकेकटे बूट, चार्जर, कुणाचा तरी चष्मा. ते सगळं मालकीणबाईंनी टोपलीत भरून टेबलाखाली ढकललं. टेबलावर बंद प्रिंटर, त्यावर कोऱ्या कागदांचा गठ्ठा. काका खुर्चीत बसले आणि खरोखर साहेब दिसायला लागले. भिंगरीला हसू यायला हवं होतं, पण ती कोऱ्या कागदांचा गठ्ठाच पुन्हा पुन्हा सारखा करत होती.

व्हिडिओ लागला. आधी बाबांचं कपाळ दिसलं, मग भिंत, मग आईचा आवाज आला, "अहो, लांब धरा जरा," आणि मग एकदाचे ओल्या केसांचा नीट भांग पाडलेले बाबा दिसले. शर्टची इस्त्री इतकी कडक की कॉलर कानाला लागत होती.

"नमस्कार साहेब!" बाबांनी हात जोडले. काकांनीही तसेच हात जोडले. बाबा भलतेच खूष झाले.

"साहेबांना विचार, कामात कशी आहेस तू."

भिंगरीने काकांना विचारलं, "बाबा विचारतायत, मी कशी वाटते तुम्हाला."

काकांनी प्रश्नाचा नीट विचार केला. "एका जागी बसत नाही," ते म्हणाले. "आज सकाळपासून तीनदा सॅक भरलीस. बघून मलाच दमल्यासारखं होतं. तुला नक्की कुठे पोचायचंय ते मला कळत नाही आणि मला वाटतं, तुलाही कळत नाही."

"साहेब म्हणतात," भिंगरी म्हणाली, "कामाचा उरक दांडगा आहे."

"तो लहानपणापासूनच!" बाबा आईकडे वळून म्हणाले. आईने मान डोलावली. बाबा पुन्हा सरळ झाले आणि घसा साफ करून त्यांनी आवाज खाली आणला. भिंगरीला हा आवाज ओळखीचा होता. वरिष्ठांपुढे बाबा याच आवाजात बोलायचे.

"साहेब, एक विनंती आहे. माझा धाकटा मुलगा आहे. पदवीधर आहे, हुशार आहे, निर्व्यसनी आहे. त्यालाही तुमच्याकडे कुठेतरी चिकटवून घ्या. आमच्यावर फार उपकार होतील."

हे काकांना कसं सांगायचं? बस चालवणाऱ्या भल्या माणसाला 'माझ्या भावाला नोकरी द्या' म्हटलं तर त्यांची भंबेरी उडणार. भिंगरीने सुचेल ते विचारून टाकलं. "बाबा विचारतायत, इथली हवा तुम्हाला मानवली का."

काकांचा चेहरा फुलला. हवेबद्दल त्यांचं मत चांगलंच होतं. आणि बाबांशी थेट बोलावं म्हणून त्यांनी ठेवणीतले, जगात सगळीकडे चालणारे शब्द काढले. "यस! यस! व्हेरी गुड!" वर दोन्ही हातांचे अंगठे.

भिंगरीला आपण काय करून बसलो ते कळायला एक क्षण लागला. बाबांना तेवढाही लागला नाही.

"हो म्हणाले!" ते ओरडले. "अगं ऐकलंस का, हो म्हणाले! एका शब्दात हो म्हणाले!" त्यांचे डोळे भरून आले होते. भिंगरीने बाबांचे डोळे भरलेले याआधी पाहिलेच नव्हते.

"बाबा, तसं नाही, बघू म्हणाले..."

"बघू कसलं? माझ्या कानांनी ऐकलं मी. धाकट्या! इकडे ये. साहेबांना नमस्कार कर."

धाकटा पडद्यावर आला. त्यानेही धुवट शर्ट घातला होता. त्याने हात जोडले आणि भिंगरीचं लक्ष त्या हातांवरच गेलं. नखं स्वच्छ होती. बोटं घासून घासून लाल झाली होती. गेल्या तीन वर्षांत या पोराचे हात असे तिने बघितले नव्हते.

"तू आज दुकानात नाही गेलास?"

"सोडलं," तो म्हणाला. "काल उस्तादांना सांगून आलो."

"सोडलं म्हणजे? का?"

"का म्हणजे काय, ताई? मागच्या आठवड्यात तूच म्हणालीस ना? फिरतीच्या नोकरीत जीव रमतो, एकदा करून बघ म्हणून." तो जरा हसला. "बाबांचं मी इतके दिवस मनावर घेतलं नाही. पण तू मला कशाला थाप मारशील?"

मागच्या आठवड्यात ती कुठल्याशा स्टँडवर उभी होती आणि गाडी लागत होती. धाकट्याला काहीतरी बोलायचं होतं, त्याचा आवाज पडलेला होता आणि फोन लवकर आटपावा म्हणून ती तसं म्हणाली होती. म्हणाली आणि गाडीत चढली. पुढे त्या वाक्याचं काय झालं ते तिने मागे वळून पाहिलंही नव्हतं.

भिंगरीला स्वतःची लाज वाटली. इतकी, की शेजारी बसलेल्या काकांकडेही तिला बघवेना.

"बाबा," ती म्हणाली. "हे ऑफिस नाही."

"काय?"

"हे ऑफिस नाही. हे साहेब नाहीत. हे बस चालवायचे, आता माझ्यासारखेच हिंडतायत. मी नोकरी सोडली, बाबा. निघायच्या आधीच सोडली. मी फिरतीवर नाही. मी तेव्हा फिरायला म्हणाले होते, तुम्ही फिरतीवर ऐकलंत आणि मी तसंच चालू दिलं."

बाबांनी कॉलर सैल केली. मग त्यांनी अगदी साध्या आवाजात विचारलं, "फिरायला म्हणजे? काम कुठलं?"

"काम नाही. नुसतं फिरायला."

"नुसतं," बाबा म्हणाले. त्यांना तो शब्द कुठे ठेवावा ते कळत नव्हतं. त्यांनी काकांकडे पाहिलं. काकांना यातलं अक्षरही समजलं नव्हतं. आपल्याकडे बघतायत म्हणून त्यांनी पुन्हा एक अंगठा वर केला आणि बाबांनी, सवयीने, पुन्हा हात जोडले. ते बघून भिंगरीचा जीव तुटला. तिने हळूच काकांचा हात खाली केला.

बाबा उठले. पडद्यावर शर्टाची खालची दोन बटणं दिसली, मग रिकामी खुर्ची. आत कुठेतरी दार लागलं.

धाकट्याने फोन उचलला. "बाबा परवा स्वतः गेले होते दुकानात," तो म्हणाला. "हाच शर्ट घालून. उस्तादांना म्हणाले, पोराचं कल्याण होतंय, तुम्ही अडवू नका. काल उस्तादांनी माझे पाने आणि स्क्रू-ड्रायव्हर पुसून, फडक्यात बांधून माझ्या हातात दिले. आता मी कोणत्या तोंडाने जाऊ तिथे? सांग ना. कोणत्या तोंडाने?"

"मी बोलते त्यांच्याशी. मी माफी मागते."

"तू नको बोलूस आता. तू बोललीस तेवढं पुरे झालं." आणि पडदा काळा झाला.

तेवढ्यात मालकीणबाई दारात आल्या. पासपोर्टवरची तारीख त्यांच्या लक्षात राहिली होती. हातात छोटासा केक होता, त्यावर एकच मेणबत्ती. आत पाऊल टाकलं आणि दोघांची तोंडं बघून त्यांनी मेणबत्ती स्वतःच फुंकली, केक प्रिंटरवर ठेवला आणि निघून गेल्या.

भिंगरीने काकांना सगळं सांगितलं. मोडक्या भाषेत सांगायला वेळ लागला आणि मोडक्या भाषेत सजवून सांगता येत नाही, त्यामुळे ते होतं तसंच सांगितलं गेलं. काका दाढी कुरवाळत बसले. "म्हणजे तुझ्या भावाची नोकरी मी घालवली," ते म्हणाले. "हवा चांगली आहे म्हणून."

"तुम्ही नाही. त्याने ती कालच सोडली होती. माझ्यामुळे."

"हो," काका म्हणाले. "तूच." आणि त्यांनी केकचे दोन तुकडे करून मोठा तिच्यापुढे सरकवला.

तिने तो तसाच ठेवला. ती गल्लीत आली. गल्लीच्या या टोकाला धोबी होता, त्या टोकाला किल्ल्या बनवणारा. ती धोब्यापासून किल्लीवाल्यापर्यंत गेली आणि किल्लीवाल्यापासून धोब्यापर्यंत आली. धाकट्याला फोन लावला, त्याने उचलला नाही. बाबांना लावला, त्यांनी कापला. पुन्हा किल्लीवाल्यापर्यंत. किल्लीवाल्याने कानस थांबवून तिच्याकडे बघितलं, ही बाई काही विसरली आहे का म्हणून. शेवटी तिने आईला लावला. आईने लगेच उचलला.

"दोघं गेलेत," आई म्हणाली.

"कुठे?"

"दुकानात. हा निघाला, तर हे म्हणाले थांब, तोंड मी घातलंय तिथे, मीच काढतो. पायात चपला न घालताच जिना उतरले. मग मी वरून टाकल्या."

"आई, उस्ताद घेतील ना गं त्याला परत?"

"मला काय माहीत?" आईचा आवाज चिडका होता आणि त्या चिडण्याच्या आत रडू होतं. "मला सांगितलं असतंस तर मी काय खाल्लं असतं का तुला? चार महिने मी जो भेटेल त्याला सांगतेय, फिरतीवर आहे, फिरतीवर आहे. ठेव फोन. त्यांचा आला तर लागायला हवा."

भिंगरीने फोन ठेवला. संध्याकाळ होत आली होती. काकांनी तिची सॅक वरून आणून दारात ठेवली, कारण गाडीची वेळ झाली होती आणि गाडीची वेळ ही गोष्ट काकांच्या रक्तात होती. भिंगरीने सॅक पाठीला लावली. मग उतरवली. गाडीत बसलं तर निदान चाकं तरी हलतील, इथे थांबून हाती काय लागणार? पण वाटेत नेटवर्क गेलं आणि धाकट्याचा फोन आला तर? तिने सॅक पुन्हा लावली, गल्लीच्या टोकापर्यंत गेली आणि परत आली. किल्लीवाला आता उघड उघड बघत होता. शेवटी तिने सॅक पायरीपाशी टाकली. गाडी गेली असेल तेव्हा तिचा पाय इतका हलत होता की मालकीणबाईंनी आतून विचारलं, काय वाजतंय म्हणून.

फोन आला तेव्हा तिने तो दोन्ही हातांनी उचलला. व्हिडिओ होता. धाकटा होता. त्याच्यामागे फळ्यांवर मशीनची काळी धडं ओळीने ठेवलेली होती आणि वरचा पिवळा दिवा ती ओळखत होती.

"घेतलं?" तिला एवढंच विचारता आलं.

"घेतलं म्हणजे..." धाकट्याने फोन खाली वळवला. समोर पत्र्याचा मोठा डबा पालथा केलेला होता आणि फडक्यावर सुयांचा ढीग पडला होता. सगळ्या जाडीच्या, सगळ्या लांबीच्या, एकात एक. "नव्या माणसाला पहिल्या दिवशी जे काम देतात ते दिलंय. सुया वेगळ्या कर म्हणाले. तीन वर्षांपूर्वी हेच केलं होतं मी. पुन्हा पहिलीत बसवलंय मला." तो रागावलेला होता आणि तरी त्याच्या तोंडावर हसू मावत नव्हतं. नखांत तेल आलेलं होतं.

"आणि बाबा?"

धाकट्याने फोन बाजूला वळवला. बाबा स्टुलावर बसले होते. इस्त्रीच्या शर्टच्या बाह्या कोपरापर्यंत वर दुमडलेल्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. ते एकेक सुई उचलून दिव्यापुढे धरत, निरखत आणि बाजूला ठेवत. आपलं जुनं निरीक्षकाचं काम मिळाल्यासारखे तल्लीन झाले होते. पलीकडे उस्ताद पाठ करून एक मशीन उघडत होते आणि या बापलेकांकडे त्यांचं अजिबात लक्ष नव्हतं, किंवा तसं दाखवत होते.

"बाबा," भिंगरी म्हणाली.

बाबांनी मान वर केली नाही. "धाकट्या, तिला म्हणावं, मी बोलत नाहीये तिच्याशी."

"ऐकतेय ती."

"ऐकू दे." त्यांनी आणखी एक सुई उचलली. "ही चौदा नंबरची की सोळाची रे? बरीच झिजलीय." ती त्यांनी वेगळी ठेवली. मग पुढची उचलली, मग त्याच्या पुढची. भिंगरीला वाटलं, आता फोन बंद होणार. तेवढ्यात ते सुयांकडे बघतच म्हणाले, "विचार तिला, तिथे बघण्यासारखं काय आहे."

"ताई, बाबा विचारतायत..."

"ऐकलं मी," भिंगरी म्हणाली आणि सांगायला तिने तोंड उघडलं.

सांगायला काही नव्हतं. या गावातून सुटणाऱ्या सगळ्या गाड्यांच्या वेळा तिला पाठ होत्या. त्याच्या आधीच्या गावातल्याही होत्या. नदी आहे का इथे? असेल. डोंगर येताना दिसला होता बहुतेक, पण तेव्हा ती फोनवर पुढच्या गावातली राहायची जागा शोधत होती. गल्लीच्या त्या टोकाला, किल्लीवाल्याच्या पलीकडे रस्ता कुठे वळतो, तेही तिने बघितलं नव्हतं. दिवसभर तिथूनच तर ती परत फिरत होती.

"अजून नीट बघितलं नाही," ती म्हणाली. "उद्या बघून सांगते."

बाबांच्या हातातली सुई खाली आली. त्यांनी चष्म्यावरून थेट फोनमध्ये, थेट तिच्याकडे पाहिलं. बोलायचं नाही असं ठरवलं होतं, ते विसरले.

"उद्या?" ते म्हणाले. "मग चार महिने काय करत होतीस?"

भिंगरीला आता थाप सुचेना.

"पळत होते, बाबा."

उस्तादांचा हात थांबला असावा, कारण मागची खुडबुड बंद झाली होती. बाबांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला, पुन्हा लावला आणि ढिगातून पुढची सुई उचलली.

"बरं," ते म्हणाले. "आता जरा खाली बस. दमली असशील."

भिंगरी दारातल्या पायरीवर बसली.